सांगकाम्या पाळायचा कसा

विकिपीडियावर नाव कमवायचं तर लेख लिहायची काही गरज नाही. वाचायची तर मुळीच नाही. एक सांगकाम्या पाळा. मराठी विकिपीडियानं बॉटला, म्हणजे आपोआप संपादनं करणाऱ्या प्रोग्रामला, हे नाव कौतुकानं दिलं की सावध करायला, कोण जाणे. गोष्टीतला सांगकाम्याही सांगितलं तेवढंच करायचा आणि मालकाचं घर बुडवायचा.

सुरुवात गावांपासून करा. मराठवाड्याचे आठ जिल्हे, आठ हजारांवर गावं आणि २०११च्या जनगणनेचा तक्ता फुकट. अमेरिकेत २००२ साली रॅमबॉटनं असाच तक्ता चाळून तीसेक हजार गावाशहरांचे लेख पाडले. एका स्वीडिश गृहस्थाच्या एलएसजेबॉटनं तर फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेचा विकिपीडिया साठ लाख लेखांच्या पुढं नेऊन ठेवला. इंग्रजीच्या खालोखाल! ते वाचतं कोण, असले खवचट प्रश्न विचारायचे नसतात.

साचा एकच ठेवा. कोकणातल्या गावाचा उचललात तरी चालतंय: ‘पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस पडतो.’ २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या गावांना हे वाक्य लई शोभून दिसतं. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव तालुक्यागणिक भेटतील. सांगकाम्याला ती सगळी एकच. लोकसंख्या एकाची, तालुका दुसऱ्याचा, ग्रामदैवत तिसऱ्याचं. तेवढाच गावागावांत सलोखा.

मग नामांतर हाती घ्या. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. ‘शोधा आणि बदला’ लावा आणि खुशाल झोपा. उजाडेपर्यंत बिहारातलं औरंगाबादही छत्रपती संभाजीनगर झालेलं असेल, अठराव्या शतकातला निजामाचा सुभेदार छत्रपती संभाजीनगरात कारभार पाहत असेल आणि जुळी करडं देणारी उस्मानाबादी शेळी ‘धाराशिवी शेळी’ होऊन चरत असेल. शेळीला विचारतंय कोण?

शुद्धलेखनाची सेवाही त्यालाच सोपवा. ‘आणी’ दिसलं की ‘आणि’ कर म्हणावं. आणीबाणीची ‘आणिबाणी’ होईल. ‘पिक’चं ‘पीक’ करायला सांगा, म्हणजे पिकांचं नुकसान ‘पीकांचं’ होईल आणि शाळेची पोरं ‘पीकनिक’ला जातील.

मंजुरी, आधी थोड्या संपादनांची चाचणी, वेगाला लगाम, असले नियम आहेत. असू द्या. ‘हा सांगकाम्या आहे’ असा रीतसर शिक्का खात्याला मिळाला तर अलीकडील बदलांच्या यादीत तुमचे उद्योग एरवी दिसतच नाहीत. नाही मिळाला तर आपल्याच खात्यावरून हाणा. हजारो संपादनं तुमच्या नावावर जमा. चर्चापानावर कुणी तक्रार केली तर उत्तर द्यायचं नाही. सांगकाम्याला बोलता येत नाही, आणि तुम्ही तर झोपलेला आहात.

शेवटी त्याला राखणीला बसवा: नव्या माणसानं संदर्भ न देता काही लिहिलं की उडव. गावचे निवृत्त गुरुजी नातवाच्या मोबाइलवर आपल्या गावाचं पान उघडतील. मुसळधार पावसाची ओळ दोनदा वाचतील, चष्मा पुसून तिसऱ्यांदा. मग ती खोडून लिहितील, ‘गावात जुनी बारव आहे, उन्हाळ्यात मार्चमध्येच आटते.’ दोन सेकंदांत बारव गायब, पाऊस परत. कारण: संदर्भ नाही. पावसालाही नव्हता, पण तो आपल्या घरचा.

गुरुजी हट्टाचे. पुन्हा टाइप करायला बसलेत, एका बोटानं.