ऑस्लोफ्योर्डातली ती पहाट लेखात हवी होती

लेखात म्हटलंय की 9 एप्रिल 1940 ला जर्मनीने हल्ला केला तेव्हा डेन्मार्कप्रमाणेच तटस्थ नॉर्वेही झोपेतच जिंकला गेला. हे पटलं नाही. सरकार गाफील होतं हे खरंच: ऑस्लोकडे जाणाऱ्या ऑस्लोफ्योर्ड या खाडीतल्या द्रोबाकच्या सामुद्रधुनीत सुरुंग पेरलेले नव्हते, आणि त्या रात्री अंशतः सैन्यभरतीचा आदेश निघाला तोही टपालाने पोचणारा. पण तिथल्याच ऑस्कर्सबोर्ग किल्ल्यावर कर्नल बिर्गर एरिक्सन जागे होते. 28 सेंटिमीटर व्यासाच्या नळीच्या तीन क्रुप बनावटीच्या तोफा आणि माणसं मात्र एका तोफेपुरतीच. म्हणून स्वयंपाक्यांनाही हाताशी घेऊन त्यांनी दोन तोफा भरल्या. 255 किलोचा गोळा पुन्हा भरायला वेळ मिळणार नव्हता, म्हणजे प्रत्येक तोफेला एकच संधी. तटस्थतेच्या नियमाप्रमाणे आधी इशाऱ्याचे बार काढायचे असतात. एरिक्सन यांनी ते टाळून पहाटे 4:21 ला थेट मारा केला. दोन्ही गोळे 'ब्ल्यूखर' या जर्मन युद्धनौकेवर बसले, आग लागली, आणि मग खडकात कोरलेल्या गुप्त तळावरून चाळीसेक वर्षं जुने टॉर्पेडो सुटले. दोन तासांत जहाज बुडालं.

मागून येणारा जर्मन ताफा माघारी वळला, ऑस्लोचा ताबा काही तास लांबला. तेवढ्यात राजा हाकोन सातवे, मंत्रिमंडळ, संसद आणि राष्ट्रीय बँकेचं सुमारे 50 टन सोनं शहराबाहेर पडलं. डेन्मार्कने त्याच सकाळी शस्त्रं खाली ठेवली. नॉर्वे जूनपर्यंत लढला. दोघांना एकाच वाक्यात बसवणं त्या तोफेवरच्या माणसांवर अन्याय आहे.