‘ग्राहकांशी खेळ’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

छोट्या आयएसपीला, म्हणजे घरोघर इंटरनेट पुरवणाऱ्याला, सगळ्या ग्राहकांचा भार घेणारा मुख्य राउटर केवढ्याला पडतो, या माझ्या लेखाखाली परवा रात्री एका निनावी वाचकाने लांबलचक प्रतिक्रिया टाकली आहे. सगळ्यांनी ती वाचली नसेल, म्हणून सार देतो. मायक्रोटिक या स्वस्त कंपनीचा राउटर आणि मोठ्या नावाचा राउटर यांची माझी तुलना म्हणजे ‘भाजीबाजारातली घासाघीस’, किमतीत मी जीएसटी धरायला चुकलो, वीज, सपोर्ट आणि लॉगिंगचा (ग्राहकांच्या वापराची नोंद ठेवण्याचा) खर्च गाळला, फुल टेबल, म्हणजे जगभरच्या इंटरनेटच्या वाटांची पूर्ण यादी, घेतलं की मायक्रोटिक मान टाकतो हे लपवलं. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: ‘दोन हजार कनेक्शन असताना असा स्वस्त डबा लावणं म्हणजे ग्राहकांशी खेळ आहे.’

जीएसटीचं आधी मान्य करतो. मोठ्या नावाच्या राउटरच्या कोटेशनची रक्कम मी करासह लिहिली आणि मायक्रोटिकची कर सोडून. हे चुकलंच. १८ टक्के धरले की दोन राउटरचे २,१०,००० रुपये २,४७,८०० होतात. लेखातला तक्ता काल रात्रीच दुरुस्त केला आहे. पण महाशय, एवढीच चूक दाखवायची होती तर दोन ओळी पुरल्या असत्या. त्यासाठी ‘केबलवाल्यांना हिशेब कुठला यायला’ असं लिहायची गरज होती का? मी केबलवालाच होतो, २००६ पासून. खांबावर चढून अ‍ॅम्प्लिफायर बदलले आहेत. त्याची मला लाज नाही, आणि हिशेब मी त्याच धंद्यात शिकलो, कारण महिनाअखेरीला दारोदार वसुली मीच करायचो.

आता ते वाक्य. ‘ग्राहकांशी खेळ.’

माझ्याकडे दोन हजारांच्या आसपास कनेक्शन आहेत. रात्री नऊ ते अकरा, सगळे घरी असताना, ग्राहकामागे सरासरी दोन एमबीपीएसच्या आत वापर असतो. म्हणजे चार जीबीपीएस, मॅच असली तर थोडा वर. मी घेतलेल्या मायक्रोटिकच्या सीसीआर २११६ ला दहा जीबीपीएसचे चार पोर्ट आहेत, प्रोसेसरचे १६ कोअर आहेत, दोन पॉवर सप्लाय आहेत, आणि पीपीपीओई सेशनवर (म्हणजे एकाच वेळी लॉगिन असलेल्या ग्राहकांवर) मर्यादा नसलेला लेव्हल ६ परवाना त्याच किमतीत येतो. यादीतली किंमत ९९५ डॉलर होती. यादी कुणालाही उघड दिसते, विक्रेत्याला फोन करून ‘बजेट काय आहे’ हा प्रश्न ऐकावा लागत नाही. मी दोन घेतले, लोड वाटून. मोठ्या नावाच्या राउटरचं मला मिळालेलं कोटेशन साडेअकरा लाखांचं होतं, एका राउटरचं. त्यात ग्राहकसंख्येचा परवाना वेगळा आणि दुसऱ्या वर्षापासून सपोर्ट वेगळा. ग्राहकामागे ५७५ रुपये विरुद्ध १२४, करासह. ३९९ चा प्लॅन विकणाऱ्याला हा फरक खेळ वाटत नाही.

आणि महाग राउटर लावून ग्राहक सुरक्षित राहतो हे मला सांगू नका, मी ते करून बसलोय. २०१८ साली बँकेचं कर्ज काढून मी मोठ्या कंपनीचा राउटर घेतला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण वाद तिच्याशी नाही. सपोर्टचा करार होता, पार्ट ‘पुढच्या कामकाजाच्या दिवशी’ मिळेल असं छापील लिहिलेलं होतं. जुलै २०२१, शनिवारची संध्याकाळ, वीज कडाडली आणि पॉवर सप्लाय गेला. ११०० घरं बंद. ऑनलाइन परीक्षांचे दिवस. सपोर्टला तिकीट टाकलं, तिकडून नम्र मेल येत राहिल्या, पार्ट आला गुरुवारी.

त्या रात्री मला वाचवलं कपाटातल्या जुन्या सीसीआर १०३६ ने, तोही मायक्रोटिकच. धूळ पुसली, जपून ठेवलेली कॉन्फिगची फाइल चढवली, व्हीलॅन (एकाच तारेवरचे वेगवेगळे कप्पे) जुळवले. ग्राहकांची युजरनेमं रेडियस या लॉगिन तपासणाऱ्या वेगळ्या सर्व्हरवर होती म्हणून टाइप करत बसावं लागलं नाही. साडेनऊला पहिलं सेशन चढलं. मग सात, मग चाळीस, मग आकडा पळायलाच लागला. अकराच्या आत आठशेच्या वर गेला. राउटरचे पंखे असे ओरडत होते की फोनवर बोलायला बाहेर जावं लागत होतं. तोवर गल्लीतली इंजिनिअरिंगची एक मुलगी लॅपटॉप घेऊन ऑफिसात आली होती, रविवारी सकाळी तिचा पेपर होता, आपलं कनेक्शन चालू होतं का ते बघायला. घरचा दिवा हिरवा झाल्याचा भावाचा फोन येईपर्यंत ती खुर्चीवरून उठली नाही. ग्राहक म्हणजे काय, हे मला त्या खुर्चीकडे बघून कळतं. तुम्ही माझ्यासाठी ‘खेळ’ हा शब्द वापरलात तो मी विसरणार नाही.

कपाटात तसाच दुसरा राउटर पडून असणं परवडतं, कारण तो स्वस्त आहे. साडेअकरा लाखांचा दुसरा कुणी कपाटात ठेवतं का? तुम्ही ठेवता?

बाकीचे मुद्दे झटपट. फुल टेबल मी घेतच नाही. ‘सी’ वर्गाचा, म्हणजे छोट्या भागापुरता, परवाना आणि दोन अपस्ट्रीम (ज्यांच्याकडून आपण इंटरनेट विकत घेतो ते) असलेल्याला दहा लाखांच्या घरातले रूट, म्हणजे वाटा, कशाला लागतात? डीफॉल्ट रूट (बाकी सगळ्यासाठी एकच वाट) आणि निक्सी या देशातल्या इंटरनेट एक्स्चेंजचे रूट पुरतात. मायक्रोटिकच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्ती ६ मध्ये बीजीपी, म्हणजे या वाटांची देवाणघेवाण, एकाच कोअरवर चालायचं, हे खरं, पण ७ मध्ये ते बदललं, आणि तुमची माहिती तिथेच थांबलेली दिसते. लॉगचं म्हणाल तर डिसेंबर २०२१ पासून दोन वर्षांची नोंद ठेवावी लागते, त्याचा सर्व्हर आणि डिस्क राउटर कुठलाही घेतला तरी लागतातच, म्हणून तुलनेत धरले नाहीत. विजेचा फरक मी मोजलेला नाही, पण त्याने निकाल बदलणार नाही.

तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही मोठ्या डेटा सेंटरमध्ये काम करता असं वाटतं. तिथे महागच राउटर लागतात, माझं काही म्हणणं नाही. माझा लेख तालुक्याच्या गावात ओएलटी (घरोघरच्या फायबरचं मुख्य यंत्र) लावून बसलेल्या माणसासाठी होता, आणि त्यातल्या चौघांनी त्या तक्त्यावरून खरेदी केल्याचं मला फोन करून सांगितलं आहे.

पुन्हा लिहायचं असेल तर नाव घालून लिहा. तुमच्या राउटरवर किती ग्राहक आहेत, तो करासह केवढ्याला पडला आणि गेल्या वर्षात किती तास बंद होता, हे तीन आकडे टाका. तक्त्यात एक रकाना रिकामा ठेवला आहे.