चिलटाचं अंडं आणि भाटीचा वास: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

चिलटाच्या (पिकलेल्या फळांवर घोंघावणाऱ्या छोट्या माशीच्या, म्हणजे ड्रोसोफिलाच्या) गर्भातल्या पेशी रासायनिक खुणांच्या मागे जातात, या माझ्या लेखावर तुम्ही डिचोलीहून लिहिलंत: "अंडं अर्ध्या मिलिमीटरचं. त्यात कुठलंही रसायन सुटलं की क्षणात सगळीकडे सारखं पसरणार. काजूच्या मोसमात भाटीचा (काजूची दारू गाळण्याच्या भट्टीचा) वास अख्ख्या वाड्यात भरतो, पण त्या वासावरून भाटी सापडत नाही. पेशींना दिशा कळते, हा सगळा कल्पनेचा खेळ." आणि जाता जाता, माशीच्या अंड्यांवर सरकारी पैसा कशाला, असा टोलाही मारलात.

रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाने 'क्षणात' म्हणावं, याची गंमत वाटली. विसरणात, म्हणजे रेणू आपोआप पसरण्यात, अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. छोटा रेणू साध्या पाण्यात अर्धा मिलिमीटर जायला काही मिनिटं घेतो. पेशींच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या प्रथिनाला तेवढ्यासाठी तासन् तास लागू शकतात. २५ अंश तापमानाला अंड्यातून अळी बाहेर पडायला साधारण एक दिवस लागतो, तेव्हा हे तास काही थोडे नव्हेत.

तरी तुमच्या शंकेत दम आहे. नुसता उगम असला आणि वेळ भरपूर मिळाला, तर शेवटी सगळं सारखंच होणार. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक असलेल्या फ्रान्सिस क्रिकने १९७० मध्ये हाच हिशेब मांडला होता: एका टोकाला रसायन तयार व्हायला हवं आणि दुसऱ्या टोकाला ते नष्ट व्हायला हवं, तर मधला उतार, म्हणजे एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ अशी स्थिती, टिकतो. वाड्याच्या एका अंगाची घरं वास गिळून टाकत असती, तर तुम्हालाही भाटी सापडली असती.

चिलटाच्या गर्भात अशी गिळणारी घरं खरोखर आहेत. पुढे अंडी किंवा शुक्राणू देणाऱ्या जननपेशी गर्भाच्या मागच्या टोकाला जन्मतात. ब्लीचमध्ये अंड्याचं कवच काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, की त्या टोकाला गोल, टपोऱ्या पेशींचा पुंजका ठसठशीत दिसतो. तिथून त्या आतड्याच्या खिशात ओढल्या जातात, त्याची भिंत भेदून बाहेर पडतात, आतड्याच्या पाठीकडच्या बाजूला सरकतात आणि डाव्या-उजव्या गटांत विभागून जननग्रंथीच्या पेशींना जाऊन मिळतात. आतड्याचा काही भाग त्या कटाक्षाने टाळतात. हीच ती गिळणारी घरं: तिथल्या पेशींमध्ये वुनेन नावाचं एन्झाइम असतं, जे बाहेरच्या स्निग्ध रेणूंवरचा फॉस्फेट तोडतं. वुनेन जनुक बिघडलं की जननपेशी वाट चुकून भलतीकडे पांगतात. १९९७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी दुसरी बाजू कळली: जननग्रंथीच्या पेशींमधलं एचएमजी-कोए रिडक्टेज हे एन्झाइम जननपेशींना ओढून घेण्यासाठी लागतं. तेच एन्झाइम मुद्दाम दुसऱ्या ऊतीत तयार करायला लावलं, तर जननपेशी तिकडे वळतात. याला कल्पनेचा खेळ म्हणता येईल का, तुम्हीच सांगा. (कोलेस्टेरॉलसाठी घेतल्या जाणाऱ्या स्टॅटिन गोळ्या आपल्या शरीरात याच एन्झाइमला अडवतात. चिलट मात्र स्वतः कोलेस्टेरॉल बनवतच नाही. त्या साखळीचा पुढचा भाग त्याच्यात नाही.)

उतार टिकवण्याची आणखी एक तऱ्हा चिलटाच्या गर्भातल्या श्वासनलिकांमध्ये दिसते, आणि मला ती जास्त आवडते. ब्रँचलेस हे प्रथिन नलिकेच्या प्रत्येक पिशवीभोवती ठिपक्याठिपक्यांनी तयार होतं. नलिकेच्या टोकाच्या पेशी बोटांसारखे फाटे काढत त्या ठिपक्याकडे जातात. तिथे पोचल्या, की तो ठिपका बंद होतो. म्हणजे उगमच थोड्या वेळापुरता. सगळीकडे सारखं पसरायला सवडच मिळत नाही. भलत्या जागी ब्रँचलेस तयार करवलं, तर फाटा तिथे जातो.

राहिला पैशाचा प्रश्न. ही तत्त्वं माशीपुरती राहत नाहीत. झेब्राफिश माशातही जननपेशी एका प्रथिनाच्या मागे जातात आणि आजूबाजूच्या पेशी तेच प्रथिन टिपून घेतात, म्हणूनच वाट स्पष्ट राहते. त्या प्रथिनाचा मानवी भाऊबंद आपल्या रक्ताच्या मूळ पेशींना अस्थिमज्जेत धरून ठेवतो. त्याचा ग्राही (पेशीवरचा, ते प्रथिन ओळखणारा रेणू) अडवणारं औषध देऊन या पेशी रक्तात आणतात आणि रोपणासाठी गोळा करतात.