एक मिनिट, प्रत्येकाला

गेल्या शनिवारी आमच्या दहावीचा निरोप समारंभ झाला. तेव्हापासून मनात घोळतंय, म्हणून लिहायला बसले. जरा लांबेल, पण वाचा.

मी एकवीस वर्षं भूगोल शिकवते. नाशिकमध्ये सातपूरच्या बाजूची अनुदानित मराठी शाळा. मुलांचे आईवडील बहुतेक सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कंत्राटावर, काही भाजीच्या गाडीवर, काही गंगापूर-मखमलाबादकडच्या द्राक्षबागांत. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझीलची तुलना आहे. वर्षभर वर्गात ब्राझीलच चाललेलं असतं, म्हणून मुलं आपापसांत मला 'ब्राझीलच्या मॅडम' म्हणतात. मला ते मनापासून आवडतं.

निरोप समारंभ कसा होतो हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. नववीच्या मुली रांगोळी काढतात, फळा रंगीत खडूंनी सजवतात. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं भाषण. मग 'विद्यार्थी मनोगत'. त्यात तीन मुलं बोलतात, आणि ती तीन कोण हे जूनमध्येच ठरल्यासारखं असतं. त्यांचं मनोगत आम्ही शिक्षक तपासतो, दुरुस्त करतो, कधी लिहूनच देतो. मीही दिलंय. शाळा म्हणजे दुसरी आई, शिक्षक म्हणजे कुंभार आणि आम्ही मातीचे गोळे. इतकी वर्षं ही वाक्यं मी मुलांच्या तोंडी घातली, याचं आता वाईट वाटतं. त्यात त्या मुलाचं स्वतःचं काहीच नसायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे: निरोपाच्या दिवशी वर्गातल्या प्रत्येक मुलाला बोलू द्या. एकूण एक. पहिल्या तिघांना पुढे खूप व्यासपीठं मिळणार आहेत. कॉलेजात मिळतील, नोकरीत मिळतील. पण पस्तीस टक्क्यांच्या काठावर उभा असलेला मुलगा दाखला हातात पडला की आयटीआयला जाईल, नाहीतर वडिलांच्या ओळखीने थेट कंपनीत लागेल. काही मुलींच्या घरी अकरावीचा फॉर्म भरायच्या आधीच स्थळांचं बोलणं निघतं. आपलं पूर्ण नाव ज्यांना पाठ आहे अशा चाळीस-पन्नास जणांसमोर उभं राहायची ही त्यांची कदाचित शेवटची वेळ. आणि नेमकी त्यांनाच आम्ही सतरंजीवर बसवून टाळ्या वाजवायला लावतो.

हे मला आधी कळलं नव्हतं. कळलं ते करोनानंतर.

२०२० च्या बॅचचा समारंभ तसा फेब्रुवारीत झाला होता. पण शाळेचा निरोप दोनदा असतो हे दहावीला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. एक हॉलमध्ये, पाहुण्यांसमोर. दुसरा शेवटच्या पेपरनंतर, परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर. तिथे एकमेकांच्या शर्टावर नावं लिहिली जातात, रडणं होतं, जुनी भांडणं मिटतात. त्या वर्षी शेवटचा पेपर माझ्याच विषयाचा होता, २३ मार्चला. मुलं शनिवारी इतिहासाचा पेपर देऊन 'सोमवारी भेटू' म्हणत घरी गेली. भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला आणि एप्रिलमध्ये रद्दच झाला. बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून गुण मिळाले. गुणांचं काही अडलं नाही. सोमवार मात्र आलाच नाही.

२०२१ च्या बॅचला तर परीक्षाही मिळाली नाही आणि समारंभही नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, राज्याचा ९९.९५ टक्के. लोक त्या आकड्यावरून त्यांना अजून हिणवतात, ते मला अजिबात खपत नाही. एका मोबाइलवर दोन-दोन भावंडांनी आळीपाळीने तास केलेली ती मुलं आहेत. मधले थोडे दिवस मास्क लावून वर्ग भरले, मग पुन्हा शाळा बंद. दाखले आम्ही वेळ ठरवून, एकेकाला बोलावून ऑफिसच्या खिडकीतून दिले. दोन वर्षांपूर्वी शालिमारला मोबाइलची काच बदलायला गेले, तर दुकानात त्याच बॅचमधला एक मुलगा कामाला. काच बसवता बसवता, खालमानेनंच म्हणाला, "मॅडम, आमची शाळा कधी संपली तेच कळलं नाही." पैसे घेईना. मी बळेच ठेवले आणि बाहेर येऊन बराच वेळ नुसती उभी होते.

म्हणून यंदा ठरवलं. हॉलमधला कार्यक्रम नेहमीसारखाच झाला, तो माझ्या हातात नाही. तो संपल्यावर मी दहावी ब ला वर्गात नेलं आणि दार लावून घेतलं. ४७ मुलं. प्रत्येकाला एक मिनिट. लिहून आणायचं नाही, कुणाची परवानगी लागत नाही, मी मधे बोलणार नाही. (एक सांगायचं राहिलं: यंदा सगळ्यांनी गणवेशातच यायचं ठरलं होतं. मागे एक मुलगी साडी नाही म्हणून समारंभाला आलीच नव्हती. ते मला महिन्याने कळलं.)

पहिली पाच-सहा मुलं तेच बोलली, दुसरी आई वगैरे. मग शेवटच्या बाकावरचा एक जण उठला आणि म्हणाला, "आठवीत प्रयोगशाळेची काच मी फोडली होती. नाव याचं आलं. याच्या वडिलांना कामावरून सुट्टी काढून शाळेत यावं लागलं. त्यांचा खाडा झाला." ज्याचं नाव आलं होतं तो शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "मला माहीत होतं." एवढंच. दोन वर्षं ही दोघं एकाच बाकावर बसत होती.

त्यानंतर वर्ग खरं बोलायला लागला.

एक मुलगी सुरगाण्याकडची. आईवडील द्राक्षबागेत वस्तीला असतात. जानेवारीत खुडणी सुरू झाली की तिचे खाडे वाढायचे आणि मी हजेरी घेताना दरवेळी कपाळाला आठ्या घालायचे. ती म्हणाली, "आम्ही घरी कोकणा बोलतो. पाचवीत आले तेव्हा मी बोलले की सगळे हसायचे. म्हणून दोन वर्षं मी वर्गात बोललेच नाही, नुसती मान हलवायचे. सातवीत हिने तिच्या वहीत माझ्याकडून आमच्या बोलीतले दहा शब्द लिहून घेतले. रोज एक म्हणायची. तेव्हापासून मी बोलायला लागले." 'ही' म्हणजे दुसऱ्या बाकावरची, गणितात कायम काठावर पास होणारी. तिला आजवर एकाही बक्षीस समारंभात कुणी पुढे बोलावलेलं नाही. मी या मुलींना आठवीपासून शिकवते. भारत आणि ब्राझीलच्या लोकसंख्येची घनता त्यांच्याकडून घोकून घेतली, आणि माझ्यासमोर बसणाऱ्या या दोघींमध्ये आधीच ही एवढी मोठी गोष्ट घडून गेलेली मला ठाऊक नव्हती.

एकीने शिपाई मावशींचे आभार मानले. सहावीत एकदा अडचणीच्या दिवशी मावशींनी स्वतःची ओढणी तिच्या कमरेला बांधून तिला घरापर्यंत सोडलं होतं. मावशी तेव्हा बाहेर व्हरांड्यात खुर्च्या उचलत होत्या. मुलं धावत जाऊन त्यांना आत घेऊन आली.

आणि एक मुलगा, जो तोंडी परीक्षेतही बोलत नाही. मी मनातून त्याला वगळायच्या तयारीत होते. तो स्वतःच पुढे आला, नकाशाजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "मला बोलता येत नाही. मी फक्त एकदा सगळ्यांना बघून घेतो." वर्ग खो खो हसला, कारण 'बघून घेतो' आपण कधी म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे. पण तो खरंच बघत होता. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत, एकेकाच्या चेहऱ्याकडे. हसणं आपोआप थांबलं. त्याचं मिनिट संपलं, दुसरंही संपलं. मी घड्याळ उलटं ठेवलं.

सगळं मिळून एक तास दहा मिनिटं लागली.

आता शाळांमधून येणारी उत्तरं मला माहीत आहेत. वेळ कुठे आहे? गेल्या वर्षी आमच्याकडे पाहुणे पन्नास मिनिटं बोलले, त्यांना एकाही मुलाचं नाव माहीत नव्हतं. ती पन्नास मिनिटं मुलांची होती. मुलं काहीही बोलतील? बोलू द्या, दहा वर्षं आपण बोललो. परीक्षा तोंडावर आहे, मुलांची मनं विचलित होतील? हे मला सर्वांत कमी पटतं. त्या दिवशी वर्गातून बाहेर पडताना चार मुलांनी एकत्र अभ्यासाला बसायचं ठरवलं, त्यात तो काचेचा आणि तो नाव आलेला, दोघेही आहेत. तुकड्या जास्त असतील तर आपापल्या वर्गात घ्या. वर्गशिक्षक, बंद दार आणि घड्याळ, एवढंच लागतं. खर्च शून्य. डीजेला वर्गणी काढणाऱ्या शाळांनी तर याचा जरूर विचार करावा. नाशिकमधले आणि बाहेरचे जे शिक्षक हे वाचताय, तुमच्याकडचा कार्यक्रम अजून व्हायचा असेल तर पहिल्या पाच-सहा मुलांनंतर धीर सोडू नका. सातवा बोलतो.

शेवटी माझ्या २०२० आणि २०२१ च्या मुलांसाठी. मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी नऊ वाजता आपला वर्ग उघडा असेल. मुख्याध्यापक सरांची परवानगी मी घेतली आहे. बाळ असेल तर कडेवर घेऊन या, रात्रपाळी करून आलात तर बाकावर डोकं टेकून झोपा, पण या. बोलायचं नसेल तर नुसतं बघून घ्या. पाववडे माझ्याकडून. सगळ्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत, बरेचसे बदललेत, तेव्हा ज्याला जो माहीत असेल त्याने त्याला कळवा. दोन्ही वर्षांच्या हजेरीपटांवरून नावं मी वहीत उतरवून ठेवली आहेत.