कॅलिपर जरूर रंगवावेत, पण रॉकेलने पुसून नव्हे

मोटारप्रेमींमध्ये सध्या एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: ब्रेकचे कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारे शिकंजे) लाल रंगवले की ब्रेक थंड राहतात आणि अधिक जोरात लागतात, कोणताही स्प्रेचा डबा चालतो, पण सायलेन्सरला मारायचा, ६०० अंश सोसणारा रंग सर्वांत उत्तम, आधी रॉकेल किंवा पेट्रोलने पुसून घ्यावे, चाक काढायची गरज नाही, अलॉय चाकांच्या आऱ्यांमधून फवारा मारता येतो, अर्ध्या तासात गाडी बाहेर काढता येते, आणि एकदा रंग बसला की गंजाची व ब्रेकच्या सर्व्हिसिंगची चिंता मिटते.

कॅलिपर घरी रंगवता येतो, याबद्दल दुमत नाही. ‘घरी रंगवलात तर ब्रेक निकामी होतील’ हा काही गॅरेजांतून ऐकू येणारा इशाराही तितकाच फुगवलेला आहे. रंग हा कॅलिपरच्या बाहेरच्या अंगावरचा पातळ थर असतो आणि तो नीट बसला काय किंवा सोलून निघाला काय, ब्रेकच्या कामाशी त्याचा संबंध येत नाही. धोका आहे तो रंगाच्या आधी आणि आजूबाजूला जे करावे लागते त्यात, म्हणजे गाडी उचलण्यात, साफसफाईत आणि झाकाझाकीत; आणि नेमके हेच टप्पे या मजकुराने एकेका वाक्यात उडवून लावले आहेत.

पहिला दावा ब्रेकच्या जोराचा. ब्रेक किती जोरात लागतो हे पेडल आणि पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधून येणारा दाब, पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनचे क्षेत्रफळ, पॅडच्या मालाचे घर्षण, डिस्कचा व्यास आणि शेवटी टायरची रस्त्यावरची पकड यांवर ठरते. या यादीत रंग कुठेही बसत नाही. लाल कॅलिपर म्हणजे दमदार ब्रेक ही समजूत आली ती ब्रेंबोसारख्या इटालियन कंपनीच्या कॅलिपरमुळे, परंतु त्या कॅलिपरमध्ये चार किंवा सहा पिस्टन असतात, अंग ॲल्युमिनियमचे असते आणि जोडीला मोठ्या डिस्क असतात. पोर्शच्या गाड्यांवर पिवळा कॅलिपर साधारणपणे सिरॅमिक संमिश्राच्या डिस्कची, पांढरा टंगस्टन कार्बाइडचा थर दिलेल्या डिस्कची आणि पोपटी हायब्रिड गाडीची खूण असतो. म्हणजे आतला माल वेगळा आहे हे सांगण्यासाठी बाहेरचा रंग वेगळा ठेवलेला आहे. चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या केटीएम ड्यूक मोटारसायकलींवर ब्रेंबोच्याच घराण्यातले बायब्रे कॅलिपर असतात आणि त्यांची ख्याती आतल्या रचनेची आहे. सामान्य हॅचबॅकच्या एक पिस्टनच्या, सरकत्या, बिडाच्या कॅलिपरला लाल रंग दिल्याने तो लाल होतो, एवढेच.

याच दाव्याचा दुसरा भाग, म्हणजे रंगामुळे ब्रेक थंड राहतात हा, जरा शास्त्रीय भाषेत मांडलेला असल्यामुळे अधिक लोकांना पटतो. दीडशे अंशांपर्यंत तापलेली वस्तू किरणांवाटे जी उष्णता बाहेर टाकते ती अवरक्त असते, आणि त्या पट्ट्यात लाल, पिवळा, काळा असे सगळे रंग जवळपास सारखेच वागतात. शिवाय गंज धरलेले बीड मुळातच बऱ्यापैकी उष्णता उत्सर्जित करते, त्यामुळे रंगाने त्यात भर पडायला फारसा वाव उरत नाही, आणि कॅलिपरची बरीचशी उष्णता तशीही वाहत्या हवेबरोबर जाते. उलट बाजूने काही जण सांगतात की रंगामुळे उष्णता आत कोंडते. तेही खरे नाही, कारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या थराने एक-दोन अंशांपलीकडे फरक पडत नाही. ब्रेकवर येणाऱ्या उष्णतेचा अंदाज हवा असेल तर महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारी गाडी डोळ्यांसमोर आणावी. माणसे आणि सामानासह १,२०० किलो वजनाची गाडी तिथे सुमारे १,३०० मीटर खाली येते. या उतारात मोकळी होणारी ऊर्जा साधारण १५ मेगाज्यूल भरते, म्हणजे तीच गाडी ताशी ८० किलोमीटरच्या वेगावरून पन्नासेक वेळा पूर्ण थांबवण्याइतकी. त्यातला मोठा वाटा टायर, हवा आणि, गिअर खालचा ठेवला असेल तर, इंजिन उचलते. उरलेला डिस्क आणि पॅड यांच्या अंगावर येतो. घाटात ब्रेक थंड ठेवायचे असतील तर दुसऱ्या गिअरमध्ये उतरावे. तिथे रंगाचा उपयोग नाही.

सायलेन्सरच्या रंगाची शिफारस ही या मजकुरातली सर्वांत फसवी गोष्ट आहे, कारण ६०० हा आकडा ऐकायला भरभक्कम वाटतो. कॅलिपरच्या आत, पिस्टनच्या मागे, ब्रेक ऑइल असते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश आणि डॉट ४ चा किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो; हवेतला ओलावा शोषल्यावर हेच आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ पर्यंत उतरलेले चालतात. ऑइल उकळले की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. तेव्हा कॅलिपरचे अंग ६०० अंशांच्या जवळपास जाण्याच्या कितीतरी आधी ती गाडी ब्रेकविना झालेली असेल. घाटातल्या कष्टाच्या उतरणीत डिस्कचा पृष्ठभाग तीनशे-चारशे अंशांवर जाऊ शकतो, पण कॅलिपर त्यापेक्षा पुष्कळ थंड असतो, आणि शहरातल्या वापरात तर तो साधारण शंभर अंशांच्या आतच राहतो.

मग अधिक आकड्याचा रंग वापरला तर बिघडले कुठे, असा प्रश्न उरतो. बिघडते ते असे की ६०० अंशांचे रंग बहुधा सिलिकोन रेझिनवर बनवलेले असतात आणि ते पक्के होण्यासाठी दोनशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेत काही काळ भाजावे लागतात. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत तसे लिहिलेलेही असते. सायलेन्सरवर हे भाजणे आपोआप होते. कॅलिपरवर ते होत नाही, त्यामुळे रंग मऊच राहतो, नखाने खरवडता येतो आणि ब्रेक ऑइलचा किंवा पेट्रोलचा थेंब पडला की सुटतो. दुसऱ्या टोकाला घरातल्या खिडकीच्या ग्रिलला मारायचा साधा इनॅमल स्प्रे आहे, जो शंभर अंशांच्या आगेमागे पिवळट पडून तडकू लागतो. कॅलिपरसाठी मुद्दाम बनवलेला रंग यांच्या मधला असतो: दोनशे ते अडीचशे अंश सहज सोसणारा आणि रसायनांना दाद न देणारा. हार्डनर मिसळून ब्रशने लावायचा दोन भागांचा रंग मला घरच्या कामासाठी स्प्रेपेक्षा बरा वाटतो, कारण तो उडत नाही आणि त्यामुळे झाकाझाकी निम्म्याने कमी होते. मात्र हार्डनर मिसळल्यावर तो डब्यातच घट्ट व्हायला लागतो, तेव्हा दोन चाकांपुरताच कालवावा.

आता रॉकेल. आपल्याकडे गॅरेजमध्ये प्रत्येक काळा, तेलकट भाग रॉकेलने धुण्याची रीत इतकी जुनी आहे की मजकुरातला हा सल्ला बहुतेकांना खटकतही नाही. तरीही सगळ्या मजकुरात खरोखर धोकादायक असे वाक्य हेच आहे. ब्रेक ऑइल ग्लायकॉल वर्गातले असते आणि त्याच्याशी जुळणारे म्हणून कॅलिपरचे सील आणि बूट (धूळ-पाणी अडवणारी रबरी आवरणे) सामान्यतः ईपीडीएम या रबराचे करतात. हे रबर ब्रेक ऑइलमध्ये वर्षानुवर्षे टिकते, पण रॉकेल, पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल आणि साधे ग्रीस यांत फुगते व मऊ पडते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचे एक सील असते. ब्रेक दाबताना ते किंचित पिळले जाते आणि पेडल सोडले की पूर्वपदावर येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. ब्रेक ‘सुटतो’ तो या सीलमुळे. ते फुगले तर पिस्टन मागे येत नाही, पॅड डिस्कला घासत राहतो, चाक तापते आणि गाडी ॲव्हरेज कमी देऊ लागते. रॉकेलचा फडका सहसा आतल्या सीलपर्यंत पोचत नाही, पण बाहेरचा धुळीचा बूट मात्र त्यात हमखास भिजतो, आणि तो फुगून फाटला की पावसाचे पाणी पिस्टनपर्यंत जायला वाट मोकळी होते. यावर ‘आमच्याकडे कायम असेच धुतात’ हे उत्तर मिळते. नुकसान महिन्यांनंतर दिसते आणि तोवर त्याचा संबंध रॉकेलशी कोणी लावत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रंगाच्या दृष्टीनेही रॉकेल वाईटच, कारण ते मागे तेलकट पातळ थर सोडते आणि त्यावर कोणताही रंग धरत नाही.

याला पर्याय महाग नाही. आधी पाण्यात साबण घालून ब्रशने घासावे आणि पूर्ण वाळू द्यावे; मग तारेच्या ब्रशने, रबरी भाग वाचवत, सुटलेला गंज काढावा, पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरबरीत करावा आणि शेवटी डब्यात मिळणाऱ्या ब्रेक क्लीनरने पुसावे. हा क्लीनर ज्वालाग्राही असतो, म्हणून जवळ विडी-सिगरेट नको. ब्रेकची काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ते नसले तरी ती भुकटी छातीत जाण्याजोगी वस्तू नव्हे. ओल्या फडक्याने टिपावी आणि तोंडाला मास्क असावा. जाता जाता, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाईड पिनला ग्रीस लावण्याचा मोह झाला तर तोही ब्रेकसाठीच्या सिलिकोन ग्रीसनेच पुरवावा.

चाक न काढता आऱ्यांमधून फवारा मारण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. त्यात कॅलिपरचा दर्शनी भाग कसाबसा रंगतो आणि उडालेला रंग डिस्क, पॅड आणि अलॉयवर बसतो. डिस्कवरचा क्लीनरने निघेल. पॅडमध्ये मुरलेला निघत नाही, त्यामुळे पॅड बदलावे लागतात. परंतु चाक काढायचे म्हटले की गाडी उचलण्याचा प्रश्न येतो. डिकीतला जॅक हा रस्त्यात चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर तास-दोन तास काम करू नये. सपाट, पक्की जमीन, उरलेल्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे, हँडब्रेक, आणि चेसिसखाली योग्य जागी लावलेला स्टँड एवढी तयारी नसेल तर हे काम हाती घेऊ नये.

झाकायच्या जागा अशा: डिस्कची घासणारी बाजू, पॅड आणि ते ज्या खाचांत सरकतात त्या खाचा, पिस्टनचा व गाईड पिनचे बूट, ब्लीड निपल (ब्रेक ऑइल व त्यातली हवा बाहेर काढायची तोटी), ब्रेकचा रबरी पाइप, एबीएसचा सेन्सर व त्याची वायर, चाकाच्या बोल्टचे आटे आणि चाक हबला जिथे टेकते ती बाजू. शेवटची जागा बहुतेक जण विसरतात. तिथे रंग बसला तर तो दाबाने आणि उष्णतेने चेपला जातो, तेवढ्याने नटांचा ताण सैल होतो आणि चाक ढिले पडू शकते. निपलवर रंग बसला तर पुढच्या वेळी ब्रेक ऑइल बदलताना तो अडकून तुटण्याची शक्यता असते. कॅलिपर सोडवूनच रंगवायचा असेल तर त्याला तारेने वर बांधावे, रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नये. तो डिस्कवरून उतरलेला असताना पेडलला पाय लावू नये, नाहीतर पिस्टन बाहेर येईल. आणि परत बसवल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पेडल कडक लागेपर्यंत दाबून घ्यावे.

‘अर्ध्या तासात बाहेर’ या वाक्यात रंग हाताला न लागणे आणि रंग पक्का होणे यांची सरमिसळ झाली आहे. पहिले अर्ध्या तासात होईलही, पण दुसऱ्याला बहुतेक कॅलिपर रंगांमध्ये रात्रभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, आणि डब्यावर लिहिलेला वेळ कोरड्या हवेतला असतो. जुलैमध्ये कोकणात किंवा मुंबईत हे काम काढले तर ओलाव्याने रंगावर पांढुरकी साय येते. दिवाळीनंतरचे दिवस यासाठी चांगले. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ताणाने आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत.

गंजाच्या दाव्यात थोडे तथ्य आहे. रत्नागिरी, मालवण किंवा पणजीसारख्या खाऱ्या हवेत उघड्या बिडावर तांबूस थर लवकर चढतो आणि चांगला रंग तो काही वर्षे रोखतो. परंतु बाहेरच्या अंगावरचा हा गंज दिसायलाच वाईट असतो. जाड बिडाच्या ताकदीत त्याने फरक पडत नाही. ब्रेक खरोखर अडकवणारा गंज गाईड पिनवर, पॅडच्या खाचांत आणि पिस्टनवर चढतो, आणि या तिन्ही जागी रंग लावायचाच नसतो. त्यामुळे पिन साफ करणे, बूट तपासणे आणि सुमारे दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणे यांतले एकही काम रंगामुळे टळत नाही. साफसफाई करताना पिस्टनच्या बुटाभोवती ओलसर डाग दिसला तर रंगाचा बेत तिथेच थांबवून मेकॅनिकला दाखवावा, कारण तो गळणाऱ्या ब्रेक ऑइलचा असू शकतो आणि वरून रंग दिला तर तो रंग फुगून सुटेपर्यंत गळती कोणाच्या लक्षात येणार नाही.

मागच्या चाकांबद्दल हा मजकूर काहीच बोलत नाही, आणि आपल्याकडच्या स्विफ्टसारख्या अनेक गाड्यांना मागे कॅलिपर नसून ड्रम असतात. ड्रमची बाहेरची गोलाई काळ्या किंवा चंदेरी रंगाने रंगवायला हरकत नाही. चाक टेकते ती सपाट बाजू मात्र तिथेही कोरीच ठेवावी. ड्रमवर चिकटवण्यासाठी लाल प्लास्टिकची खोटी कॅलिपर-कव्हरे मिळतात, ती सुटून चाकात अडकण्याची शक्यता असते आणि ती घेऊ नयेत.