'लॉक फाइल उडवा, काम झालं' : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

उबुंटू लिनक्सवरच्या 'अपडेट अडकलं तर' या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे आणि तिच्यात एक मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून सोडून देत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमचं म्हणणं असं की एक अपडेट चालू असताना दुसऱ्याला अडवणारी लॉक फाइल डिलीट केली की दोन सेकंदांत काम होतं, इंटरनेटवर सगळे तेच सांगतात, मग एवढं पुराण कशाला? दुसरं, /बूट (बूट होताना लागणाऱ्या फाइलची जागा) भरल्यावर लेखात सुचवलेलं 'एपीटी ऑटोरिमूव्ह' (एपीटी म्हणजे पॅकेज, अर्थात प्रोग्रामचे गठ्ठे, आणून बसवणारी कमांड; ऑटोरिमूव्ह नको झालेली पॅकेज काढतं) चालवून बघितलं तर तीच एरर पुन्हा आली. तिसरं, विंडोजशेजारी लिनक्स टाकल्यापासून घड्याळ बोंबललंय आणि अपडेटवर 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' असं येतं. आणि शेवटी, यापेक्षा दर सहा महिन्यांनी फॉरमॅट मारलेला बरा.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच रोमन लिपीत करायच्या, मोकळ्या जागा आणि डॅश जसेच्या तसे.)

आधी लॉक. इथे मी माघार घेणार नाही. ती फाइल म्हणजे कुलूप नव्हे. '/व्हार/लिब/डीपीकेजी' (डीपीकेजी म्हणजे एपीटीच्या हाताखाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारा प्रोग्राम) या फोल्डरमधली 'लॉक-फ्रंटएंड' ही फाइल तुमच्या मशीनवर कायम असते, काहीही चालू नसताना सुद्धा. आत्ता बघितलीत तरी दिसेल, शून्य बाइटची. खरं कुलूप असतं कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, वहीत: अमुक प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) अमुक फाइल धरून ठेवली आहे, एवढीच नोंद. ती प्रोसेस संपली, मेली किंवा वीज गेली की नोंद आपोआप पुसली जाते. म्हणजे 'जुनं लॉक तसंच राहून गेलं' हा प्रकार इथे घडूच शकत नाही. मशीन रीस्टार्ट केल्यावरही लॉकची तक्रार आली, तर रीस्टार्टनंतर कोणीतरी ते नव्याने घेतलेलं आहे.

मग डिलीट केल्यावर काम होतं ते कसं? चाळीतल्या सामाईक संडासाचं दार उखडून नवं बसवलं, तर नव्या दाराची कडी उघडीच असणार. आतला माणूस मात्र आतच. पहिली प्रोसेस डिलीट झालेल्या फाइलवरचं लॉक धरून आपलं काम करत राहते, तुमचं एपीटी त्याच नावाची नवी फाइल तयार करून तिच्यावर लॉक घेतं, आणि दोघंही एकाच 'स्टेटस' फाइलमध्ये (कोणतं पॅकेज बसलंय त्याच्या नोंदवहीत) लिहायला बसतात. कधी काही बिघडत नाही. कधी दोन पॅकेज अर्धवट राहतात. तुम्हीच पुढे लिहिलंय की नंतर 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' असा मेसेज आला. तो बहुधा याच दोन सेकंदांचा हिशोब आहे.

त्याऐवजी एपीटी काय सांगतंय ते वाचा. हल्लीच्या आवृत्त्या लॉक कोणाकडे आहे ते नावानिशी सांगतात: 'इट इज हेल्ड बाय प्रोसेस २७१४', आणि पुढे कंसात 'अनअटेंडेड-अपग्र'. नाव तुटलेलं दिसतं कारण कर्नेल प्रोसेसचं नाव १५ अक्षरांपर्यंतच ठेवतो. ही उबुंटूची आपोआप सुरक्षा-अपडेट टाकणारी सेवा. तिची वेळ सकाळी ६ची, वर तासाभरापर्यंतचा मुद्दाम ठेवलेला उशीर, म्हणजे सगळी मशीन एकाच मिनिटाला सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. पण सकाळी ६ला लॅपटॉप बंद असतो. हुकलेली वेळ मशीन चालू होताच भरून काढायची, असं त्या टायमरमध्ये लिहिलेलं असतं. म्हणून तुम्ही दहाला लॅपटॉप उघडून पहिल्याच मिनिटाला काही इन्स्टॉल करायला गेलात की लॉक आडवं येतं. पाच-दहा मिनिटं चहा घ्या. नवा कर्नेल आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर एकत्र आला असेल तर आणखी थोडा, कारण ड्रायव्हरचं मॉड्यूल बऱ्याचदा तुमच्याच मशीनवर कंपाइल होतं.

काम चाललंय की लटकलंय हे ओळखायला दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'टेल डॅश एफ /व्हार/लॉग/डीपीकेजी.लॉग' लावून ठेवा. 'अनपॅक्ड', 'हाफ-कॉन्फिगर्ड', 'इन्स्टॉल्ड' अशा नव्या ओळी पडत असतील तर हात लावू नका. अर्धा तास एकही ओळ हलली नाही तर 'पीएसट्री डॅश पी' आणि तो प्रोसेस नंबर देऊन बघा, खाली कोण अडकलंय ते. बऱ्याचदा एखादं पॅकेज 'जुनी सेटिंगची फाइल ठेवू की नवी टाकू' हे विचारून उत्तराची वाट बघत बसलेलं असतं, तेही तुम्ही मिनिमाइझ केलेल्या खिडकीत. तसं काही नसेल तर साधं 'सुडो किल' आणि नंबर. 'डॅश ९' नको. साध्या किलमध्ये प्रोग्रामला आवराआवर करायची संधी मिळते.

आता ऑटोरिमूव्ह. इथे चूक माझी. /बूट भरलं की ऑटोरिमूव्ह चालवा असं लिहिलं, पण ते पूर्ण भरल्यावर हीच कमांड अडते हे लिहायचं राहिलं. लेखात दुरुस्ती केली आहे. कारण इथे सांगतो, कारण तुमच्या आउटपुटमध्ये ते स्पष्ट दिसतंय.

तुम्ही पाठवलेल्या आउटपुटची शेवटची ओळ होती 'सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड अ‍ॅन एरर कोड १', आणि शोधलीत तीच. ती ओळ पोस्टमनसारखी आहे, पत्रात काय आहे ते तिला ठाऊक नसतं. छत्तीस वेगवेगळ्या आजारांत तीच येते, त्यामुळे गूगलवर छत्तीस प्रकारचे उपाय सापडतात आणि त्यातले पस्तीस तुमचे नसतात. खरी ओळ तिच्या बरीच वर होती: 'अपडेट-इनिटरॅमएफएस: जनरेटिंग', आणि लगेच खाली झेडएसटीडीची (फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामची) तक्रार, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'.

तुम्ही यावर 'डीएफ डॅश एच' (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) चालवून ८४ टक्केच भरलंय, जागा आहे, असं लिहिलंय. ही फसगत बऱ्याच जणांची होते. इनिटरॅमएफएस, म्हणजे बूट होताना लागणाऱ्या ड्रायव्हरची गाठोडी, बनवताना जुनी फाइल पुसून नवी लिहीत नाहीत. शेजारी '.न्यू' अशी फाइल पूर्ण लिहितात आणि नीट झाली तरच जुनीच्या जागी ठेवतात. मध्येच जागा संपली तर ती अर्धवट फाइल पुसून टाकतात. एरर आली तेव्हा जागा शून्य होती; तुम्ही बघायला गेलात तोवर ७०-८० एमबी परत मोकळी झाली. गाठोडं शंभर एमबीच्या आसपासचं, ग्राफिक्सचे ड्रायव्हर आत गेले तर दीडशेच्याही वर. ८० एमबीत ते मावणार कसं?

आणि ऑटोरिमूव्ह का अडतं? कारण एक पॅकेज 'अर्धवट कॉन्फिगर' अवस्थेत आहे. एपीटीच्या प्रत्येक खेपेला डीपीकेजी आधी ते पूर्ण करायला जातं, ते पूर्ण करायला गाठोडं बांधावं लागतं, गाठोड्याला जागा नाही. जागा करायला निघालेली कमांडच जागा नाही म्हणून पडते.

बाहेर पडायची वाट एपीटीला बाजूला ठेवून थेट डीपीकेजीने आहे. आधी 'यूनेम डॅश आर', म्हणजे चालू कर्नेलचा आकडा कळतो. जो आकडा येईल, समजा ६.८.०-४८-जेनेरिक, तो कागदावर लिहून ठेवा. त्याला हात लावायचा नाही. मग 'डीपीकेजी डॅश एल' लावून त्यातल्या 'लिनक्स-इमेज' ने सुरू होणाऱ्या ओळी बघा. डावीकडे दोन अक्षरं असतात. 'आय-आय' म्हणजे नीट बसलेलं. 'आय' आणि मोठा 'एफ' म्हणजे अर्धवट राहिलेलं, तुमचा गुन्हेगार. 'आर-सी' म्हणजे काढून टाकलेलं, फक्त सेटिंग उरलेलं. त्याने /बूटमध्ये काही अडत नाही, त्याच्या मागे लागू नका.

आता सर्वांत जुना 'आय-आय' कर्नेल निवडा, समजा ६.८.०-४५. 'सुडो डीपीकेजी डॅश डॅश पर्ज' आणि पुढे एकाच ओळीत तीन नावं: लिनक्स-इमेज, लिनक्स-मॉड्यूल्स आणि लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा, प्रत्येकाला तोच आकडा आणि शेवटी जेनेरिक. तिन्ही एकत्रच द्यायची. ती एकमेकांवर अवलंबून असतात, एकेक काढायला गेलात तर डीपीकेजी नकार देतं. काढताना ते त्या कर्नेलचं गाठोडंही पुसतं आणि ग्रबचा (बूट होताना कर्नेल निवडून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनूही नव्याने लिहितं. म्हणूनच /बूटमध्ये शिरून 'आरएम' मारायचा (फाइल थेट पुसायचा) सल्ला मला पटत नाही: जागा होते, पण पॅकेजच्या हिशोबात तो कर्नेल अजून 'बसलेला'च राहतो आणि पुढच्या अपडेटला त्याचं गाठोडं परत बांधलं जाऊ शकतं.

मग 'सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए'. या वेळी 'जनरेटिंग' नंतर तक्रार न येता प्रॉम्प्ट परत यायला हवा. त्यानंतर 'सुडो एपीटी डॅश डॅश फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', आणि आता कुठे ऑटोरिमूव्ह. क्रम बदलू नका.

पर्जही अडलंच, तर शेवटचा उपाय: सर्वांत जुन्या कर्नेलचं गाठोडं ('इनिटआरडी.इमेज' ने सुरू होणारी फाइल) /बूटमधून होम फोल्डरमध्ये हलवा, पुसू नका, आणि वरची पायरी पुन्हा करा. चालू कर्नेल आणि त्याच्या आधीचा एक, हे दोन कायम ठेवा. नवा कर्नेल वायफाय ओळखेनासा झाला तर ग्रबच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून त्या जुन्यावरच परतायचं असतं.

मुळात /बूट भरतं का? डिस्क एनक्रिप्ट करून इन्स्टॉल केलं की /बूट वेगळं पडतं, आणि जुन्या इन्स्टॉलमध्ये ते अर्धा-पाऊण जीबीचंच असे. एपीटी स्वतःहून दोन-तीन कर्नेल राखून ठेवतं, आणि नवा आधी बसतो, जुना नंतर जातो. म्हणजे काही मिनिटं तरी आणखी एकाची जागा लागते. त्यात तुम्ही डेब (पॅकेजची) फाइल आणून हाताने कर्नेल टाकला असेल तर तो ऑटोरिमूव्हच्या नजरेला पडतच नाही, कारण माणसाने मागून घेतलेली वस्तू ते काढत नाही. 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' मध्ये कर्नेलचा आकडा दिसला तर कारण सापडलं. गाठोडंच लहान करायचं असेल तर '/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स' मधल्या सेटिंग फाइलमध्ये 'मॉड्यूल्स' पुढचं 'मोस्ट' बदलून 'डेप' करा. मग फक्त तुमच्या मशीनला लागणारे ड्रायव्हर आत जातात. पण ती डिस्क उद्या दुसऱ्या मशीनला लावलीत तर बूट होईल याची हमी नाही, तेवढं लक्षात असू द्या.

घड्याळाचं उत्तर लहान आहे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स त्यातला आकडा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतो. म्हणून लिनक्स साडेपाच तास पुढे जातो, आणि उलट फेरीत विंडोज साडेपाच तास मागे. पण 'नॉट व्हॅलिड येट' ('सर्व्हरवरच्या यादीची वेळ अजून आलेली नाही') हा मेसेज घड्याळ मागे असल्यावर येतो, पुढे असल्यावर नाही. लिनक्स मागे पडलाय म्हणजे बहुधा तुम्ही दोन्ही बाजूंनी उपाय केलाय: विंडोजच्या रजिस्ट्रीत यूटीसीची नोंद घातलीत आणि इकडे 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' (मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेत आहे असं समज) हेही चालवलंत. दोघांनी एकमेकांसाठी जागा सोडली आणि खुर्ची रिकामीच राहिली. लिनक्समध्ये तीच कमांड शेवटी ० देऊन चालवा, रजिस्ट्रीला हात लावू नका. इंटरनेट जोडल्यावर वेळ जुळते, त्यामुळे हा त्रास फक्त सुरुवातीच्या एखाद्या मिनिटापुरता दिसतो आणि 'कधी येतो, कधी येत नाही' असं वाटतं. दोन्हीपैकी एकच उपाय केला असेल आणि तरी वेळ मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.

फॉरमॅटबद्दल एवढंच: पुन्हा इन्स्टॉल करताना तेच अर्ध्या जीबीचं /बूट ठेवलंत तर चार-सहा कर्नेल-अपडेटनंतर हीच प्रतिक्रिया पुन्हा लिहावी लागेल. करायचंच असेल तर /बूट दोन जीबीचं करा, म्हणजे निदान फॉरमॅटचे कष्ट वसूल होतील.

पुन्हा अडलात तर स्क्रीनचा फोटो नको, त्यात नेहमी शेवटच्या चार ओळीच येतात. '/व्हार/लॉग/एपीटी' मध्ये 'टर्म.लॉग' नावाची फाइल आहे, टर्मिनलवर जे जे आलं ते सगळं तिच्यात तारीख-वेळेसह असतं. तिच्या तळाशी शेवटचं 'लॉग स्टार्टेड' शोधा आणि तिथपासून खालचं सगळं चिकटवा. सोबत 'डीएफ डॅश एच /बूट' आणि 'यूनेम डॅश आर' यांचं आउटपुट द्या.