पुट्टीचे दोन हात

आज सकाळपासून डोके तापले आहे, म्हणून लिहीत आहे. डोंबिवलीचे घर विकायला काढले आहे, हे जवळच्यांना ठाऊक आहेच. बाबा गेल्यावर बिनलिफ्टचा तिसरा मजला आईच्या गुडघ्यांना झेपेना, ती माझ्याकडे राहायला आली, आणि बंद घराचा मेंटेनन्स तरी किती वर्षे भरायचा? आज एजंट एका रंगाऱ्याला घेऊन आले. बाहेरच्या खोलीत माळ्याखालच्या भिंतीला ओल आहे, रंगाला पोपडे धरले आहेत, आत पांढरा लोणा फुटला आहे. रंगाऱ्याने नखाने एक पोपडा उडवला आणि म्हणाला, "पुट्टीचे दोन हात मारतो, वर टेक्श्चर. जुलैपर्यंत काही दिसत नाही." एजंटांनी लगेच जोड दिली, "ताई, आपण पावसाच्या आत व्यवहार उरकून टाकू."

आमच्याकडे चहाला आलेल्या प्रत्येकाने या भिंतीची गोष्ट ऐकलेली आहे. १९९१ च्या जुलैमध्ये बाबा हे घर बघायला गेले, तेव्हा जुन्या मालकांनी त्यांना आधी स्वयंपाकघर दाखवले नाही की बाल्कनी दाखवली नाही. त्यांनी भिंतीशी एक लाकडी स्टूल ठेवले आणि म्हणाले, "चढा वर, आणि हात लावून बघा. गच्चीचा कोबा जुना झालाय. दर पावसाळ्यात हे असं होतं." बाबांनी हात लावला, हात ओला झाला, आणि ठरलेल्या किमतीतून पाच हजार त्या गृहस्थांनी स्वतःहून कमी केले. बाबा म्हणत, "घर मला त्या स्टुलावरच पसंत पडलं."

आता मला सांगा, त्याच भिंतीवर मी पुट्टी थापायची? गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा तडकला की पाणी स्लॅबमध्ये मुरते, तेथून भिंतीत उतरते, आणि भिंत वाळताना प्लास्टरमधले क्षार बाहेर आणून सोडते; हे रंगाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळते. ओल्या भिंतीवरची पुट्टी पाणी अडवत नाही, ती फक्त घेणाऱ्याची नजर अडवते. आणि घेणारा कोण असणार? आमच्यासारखाच कोणी तरी, वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन, दोघांचे पगार जोडून पहिले घर घेणारा. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या नव्या सोफ्यामागे पोपडे गळू लागतील तेव्हा तो कोणाला शिव्या देईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

मी एजंटांना म्हटले की दोष मी दाखवणार. त्यावर ते म्हणाले, "ताई, घर विकायचंय की घराचं प्रगतिपुस्तक दाखवायचंय?" वाक्य चांगले होते, हसू आलेच. पण मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात, कलम ५५ मध्ये, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न सापडणारा मोठा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे असे लिहिलेले आहे. त्या जुन्या मालकांनी कायदा वाचला असेल असे मला वाटत नाही.

घर नीटनेटके करू नये, असे माझे म्हणणे नाही. अंधाऱ्या, कोंदट घरात गिऱ्हाईक उंबरठ्यावरूनच परत फिरते, हे एजंटांचे म्हणणे खरे आहे, मान्य करते. म्हणून गेल्या महिन्यात माळ्यावरच्या तीन ट्रंका उतरवल्या, गळणारे नळ आणि फ्लशची टाकी बदलली, जुनी वायरिंग काढून एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारे स्विच, बसवले. सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट बाबांच्याच नावावर होते, त्यावर नाव चढवून घेण्यात रंगकामापेक्षा जास्त दिवस गेले. पण ज्याला खरोखर घर विकायचे आहे त्याने तेथूनच सुरुवात करावी. मात्र चांगली मोझॅकची फरशी झाकून वर चकचकीत टाइल्स बसवा, कडाप्प्याचा ओटा फोडून ग्रॅनाइट लावा, हे सल्ले मी ऐकले नाहीत. नवा मालक आल्याबरोबर स्वतःच्या आवडीने सगळे फोडणारच आहे. माझ्या पैशाने त्याच्यासाठी डेब्रिज कशाला तयार करू?

इथवर रागाने लिहिले. आता खरे ते सांगते. त्या रंगाऱ्याला मी लगेच नाही म्हटले नाही. मी विचारले, "किती होतील?" त्याने आकडा सांगितला, तो कोब्याच्या कामापुढे अगदीच किरकोळ होता, आणि मी मनातल्या मनात हिशेबसुद्धा केला. मग तो मोजमाप घेण्यासाठी वर चढायला काही तरी शोधू लागला आणि बाल्कनीतून तेच स्टूल घेऊन आला. जुने मालक ते आमच्यासाठी ठेवून गेले होते, आणि त्याचा एक पाय अजूनही डुगडुगतो. त्यानंतर मला काही बोलवेना. मी त्या दोघांना चहा दिला आणि वाटेला लावले.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, गच्चीतून होणारी गळती दुरुस्त करणे सोसायटीचे काम आहे. बाबांनी दोनदा पदरचे पैसे घालून वरवर डांबर मारून घेतले, त्याने काही झाले नाही. सेक्रेटरींना आज लेखी अर्ज दिला आहे. त्यांना तीन कोटेशने हवी आहेत आणि काम पावसाच्या आत व्हायला हवे. झाले तर उत्तम, नाही झाले तर किंमत कमी करीन. आईला विचारले, ती "पाच हजारच नको हं, आता भाव वाढलेत" एवढेच म्हणाली. तेव्हा डोंबिवली-कल्याण भागात जुना कोबा काढून नव्याने वॉटरप्रूफिंग करणारे, तुमच्या स्वतःच्या इमारतीत काम केलेले कोणी असतील, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. पुट्टीवाले सुचवू नका.